झाकणाखालची खोबण

प्रिय खारुताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे सोडून, पण गुडघ्यांचं ऐकवायला कोणी एवढी पानं लिहीत नाही. कागद म्हणजे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू आहे, आरपार तारखा दिसतील तिकडे लक्ष देऊ नकोस. फोनच केला असता, पण तू हल्ली उचलतेस आणि 'आजी, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवतेस. सकाळी मीटिंग, संध्याकाळी मीटिंग, रविवारी तर मोठी मीटिंग. आणि आपल्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या बाबाचा एक कान भिंतीला लागलेला असतो. मला जे सांगायचंय ते त्याच्या कानावर जाऊन चालायचं नाही. म्हणून तुझ्या आईकडून पत्ता उतरवून घेतला नि बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातली निम्मी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारातून बघितलेली. तेव्हा अक्षर लावून घे.

आधी बातमी. मी प्रसिद्ध झाले आहे. तुझी ती गाडीची जाहिरात बातम्यांच्या आधी एकदा आणि मालिकेच्या मधे दोनदा लागते, त्यामुळे या गल्लीत ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. नव्या कोऱ्या गाडीत आजी बसते, नातीच्या बोटभर म्युझिक प्लेअरची वायर हातात घेते आणि ती कुठे लावायची ते काही तिला कळत नाही. आधी सिगारेट पेटवायच्या जागेत खुपसते, मग गार हवेच्या जाळीत, शेवटी स्वतःच्या कानात. मग नात हसत हसत वायर बरोबर ठिकाणी लावते, गाणं सुरू होतं, आणि दुसऱ्या दिवशी आजी एकटीच बसून ती लावते नि खाली अक्षरं येतात, 'आजीलाही जमेल'. तुझ्या आईने जिन्यात कोणाला तरी सांगितलं की ही आमच्याच घरातली गोष्ट, माझ्या लेकीने लिहिलेली. झालं. औषधाच्या दुकानातला माणूस पुडी देताना म्हणतो, आजी, गोळी तोंडात घालायची बरं का, कानात नाही. मी म्हटलं, अक्कल वाढायची गोळी ठेवतोस का, असली तर आधी तूच घे. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई मात्र गंभीर झाल्या. घरच्या म्हाताऱ्या माणसाची अशी टिंगल शोभते का, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला कोणी जाहिरातीत घेतलं नाही याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. तेव्हापासून त्या मला बघितलं की भिंतीचा रंग तपासतात.

माझी तक्रार एकच, ती तुमची आजी. गळ्यात मोती, केस कापसासारखे, कपाळावर एक आठी म्हणून नाही. चाळीस वर्षं संसार केलेलं कपाळ असं असतं होय? आणि वायर कशी धरते बघ, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी. पिन नेहमी मानेला धरायची. वायर धरून ओढली की आतला कथलाचा टाका सुटतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि एका बाजूचा आवाज जातो. एवढी माणसं दिवे धरून उभी असतील तिथे, एकालाही हे बोलावंसं वाटलं नाही?

असो. मुद्द्यावर येते. तू आलीस त्याला हा पाचवा आठवडा. त्या रविवारी तू केकचा डबा घेऊन आलीस, आम्हाला सगळ्यांना सोफ्यावर ओळीने बसवलंस, शाळेच्या फोटोला बसवतात तसं, आणि म्हणालीस, आता बघा. जाहिरात लागली. तुझी आई हसली, तुझा बाबा तर ठसका लागेपर्यंत हसला. आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले नि नळ सोडून उभी राहिले. तू मागोमाग आलीस, माझे डोळे बघितलेस आणि परत फिरलीस. केकही न कापता गेलीस. तेव्हापासून तुझ्या सगळ्या मीटिंगा सुरू झाल्या. मी तुझी आजी आहे, खारुताई. लहानपणी बिस्किटं गालात लपवून 'मी नाही खाल्ली' म्हणायचीस तेव्हाही मला गाल दिसायचे.

आता गाडी आणली तो दिवस आठव. तुझ्या बाबाने पेपरातल्या पानभर जाहिरातीवरून ती ठरवली होती. कात्रण पाकिटात ठेवून महिनाभर फिरला. डिकी किती मोठी, एका टाकीत किती पळते, सगळं पाठ. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तुमचा म्युझिक प्लेअर गाडीला थेट जोडता येईल, तेवढी ओळ त्याने पेनने खोडली होती. असल्या गोष्टींसाठी माणूस गाडी घेत नाही म्हणे. तू इंजिनियरिंग अर्ध्यावर टाकून जाहिरातीच्या ऑफिसात लागलीस त्याला तेव्हा सात महिने झाले होते, आणि सात महिने बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं. तिला सांग जेवायला ये. त्यांना सांग भूक नाही. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप नेत होते, आणि दोघेही एकमेकांना दिसेल असे बसलेले असायचे.

शोरूममध्ये मला गुडघ्यांमुळे पुढच्या सीटवर बसवलं होतं. तो टाय लावलेला विक्रेता एकेक सांगत होता. या मॉडेलमध्ये प्लेअर जोडायची सोय आहे, एवढं त्याने म्हटलं तर तुझा बाबा म्हणाला, ते राहू द्या, स्टेपनी दाखवा. तू मागच्या सीटवरून तुझा प्लेअर काढलास. तुझा बाबा डिकीकडून पुढे येऊन बघतो तर वायर बाहेर. म्हणाला, "या गाडीत तुझ्या ऑफिसातला तमाशा नको." तू म्हणालीस, "मग मीही नको. मी बसने जाते." तुझी आई आपल्या चपलांकडे बघत राहिली. तो विक्रेता गाडीची किल्ली तबकात घेऊन उभा, कोणाला द्यावी ते त्याला कळेना. तुझा हात दाराच्या हँडलवर होता, तो मला पुढच्या आरशात दिसला. तू ऑफिसजवळ खोली बघत होतीस हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी बसने गेली असतीस तर परत सामान न्यायलाच आली असतीस.

मग मी मागे हात करून वायर मागून घेतली आणि विचारलं, अगं, पण ही खुपसायची कुठे? आधी सिगारेटच्या जागेत घातली. मग हवेच्या जाळीत. तिसऱ्यांदा, तो विक्रेता वाकून काही सांगायला आला तर त्याच्या कोटाच्या वरच्या खिशाला लावून बघितली. कानाचं तू पदरचं घातलंस. तुझा बाबा ओरडला, "आई, गाडीला लावायची ती, माणसाला नाही!" आणि स्वतःच हसत सुटला. तू हसलीस, तुझी आई हसली, तो बिचारा किल्लीवाला हसला. हसता हसता तू पुढे वाकून गिअरपुढचं झाकण उघडलंस नि वायर लावलीस, आणि तुझ्या बाबाला नाही म्हणायचंय हे आठवेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. दुसऱ्या सिग्नलला त्याने समोर बघत विचारलं, "कोण गातोय हा?" तू नाव सांगितलंस. तो म्हणाला, बरा गातो. सात महिन्यांनी तो थेट तुझ्याशी, न भांडता बोलला, तेही त्या गवयाच्या कृपेने. त्या दिवसापासून माझी निरोप्याची नोकरी सुटली.

आता इथपर्यंत सगळं तुला ठाऊकच आहे. पुढचं नाही.

मी लग्नाआधी आणि नंतरही कारखान्यात होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. तुझा बाबा सांगतो, आई खोकी बांधायची. खरंच बांधायची, त्याला कळायला लागलं तेव्हा. रिकामी खोकी मी घरी आणायची आणि तो त्यांच्या गाड्या करायचा, टोकाला दोरी बांधून. पण त्या खोक्यांत काय जायचं ते त्याने कधी विचारलं नाही. रेडिओ जायचे. आणि खोक्यांवर जाण्याआधी अकरा वर्षं मी आत लाइनीवर होते, वायरी जोडायला. कानाला लावायच्या यंत्राची पिन आणि रेडिओतली तिची खोबण, हे माझं काम. आमच्या वेळी पिनेला एकच काळं कडं असायचं. आता दोन असतात, टोकाला डाव्या बाजूचा आवाज, मधे उजव्या बाजूचा, आणि मुळाशी दोघांची परतायची वाट. दिवसाला किती टाके मारले ते मोजायची सोय नव्हती, मान वर केली की मुकादम बघायची. मग डोळे गेले, म्हणून खोकी. मी याची कधी वाच्यता केली नाही, कारण कोणी विचारलं नाही, आणि काम ते काम, त्यात मिरवायचं काय.

गेल्या बुधवारी गाडी सर्व्हिसिंगला नेली, तेव्हा तुझ्या बाबाबरोबर मीही गेले, हवापालट म्हणून. तोच विक्रेता. आता पोट सुटलंय, मॅनेजर झालाय, टाय मात्र तोच असावा. भिंतीवरच्या टीव्हीवर तुझी जाहिरात चालू होती. तुझा बाबा बिलाच्या खिडकीशी गेला तसा हा माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, आजी, दोन वर्षं एक विचारायचंय. मी म्हटलं, विचार. तर म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही गिअरपुढचं झाकण उघडलंत, आतली खोबण बघितलीत, बोट फिरवलंत आणि झाकण परत बंद केलंत. मग विचारलंत, कुठे खुपसायची. असं का केलंत?"

कोणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, आधी तू सांग, तू तेव्हा बोलला का नाहीस? तो म्हणाला, "माझ्या घरीही एक बाबा आहेत."

तेव्हा हे असं आहे, खारुताई. तुमची दोघांची जुंपली होती तेव्हाच मला ती खोबण सापडली होती. लावली असती तर गाणं लागलं असतं, त्याने ते बंद केलं असतं आणि तू उतरली असतीस. तुम्ही दोघं एकमेकांवर चिडला होतात. दोघांना मिळून हसायला तिसरं कोणीतरी लागत होतं, आणि तिथे मोकळी मीच होते. त्या रविवारी तुझा बाबा तुझी पाठ थोपटून म्हणाला, "हे तू लिहिलंस?" तेव्हा मला रडू आलं ते त्याचं. आणि पळाले ते यासाठी की तुझ्यासमोर मला खोटा चेहरा ठेवता येत नाही, अजून अर्धा मिनिट बसले असते तर सगळं बाहेर पडलं असतं.

बाबाला यातलं काही सांगू नकोस. आपल्या आईला वायर लावता येत नाही हा त्याच्या आयुष्यातला मोठा आनंद आहे, तो कशाला काढून घ्या. तू खोलीवर राहायला जाताना त्याच्यासाठी ठेवून गेलेला प्लेअर तो रोज सकाळी कामाला निघण्याआधी गाडीत बसून ऐकतो, आणि विचारलं तर म्हणतो बॅटरी तपासत होतो. वायर शेपटीला धरूनच ओढतो. मी म्हटलं मानेला धर, तर म्हणतो, आई, तुला काय कळतंय त्यातलं. व्हायचं तेच झालं, मागच्या महिन्यात डाव्या बाजूचा आवाज गेला. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखा फिरला. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी वायर घेऊन समोरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेले, त्याचं भिंग आणि तापलेलं हत्यार मागून घेतलं नि पिन उघडून टाका मारला. पहिले दोन सुटले, तिसऱ्या खेपेला बसला. तो दुरुस्तीवाला जाहिरात रोज बघतो, तो तोंड उघडं ठेवून बसला होता. तुझा बाबा सांगतो, वायर आपोआप बरी झाली, चांगल्या कंपनीची आहे.

आता हे सगळं का लिहिलं ते ऐक. तुझ्या आईने काल सांगितलं की गाडीवाल्या कंपनीला त्याच आजीच्या आणखी तीन जाहिराती हव्या आहेत, तू नाही म्हणणार आहेस, आणि सोमवारी नोकरीचा राजीनामाही देणार आहेस. तिला तू फोनवर म्हणालीस म्हणे, "मी आजीला विकून खाल्लं." अगं वेडे, मी स्वतःच दुकान मांडून बसले होते. ज्या कामासाठी तू बापाशी सात महिने अबोला धरलास, ते माझ्यापायी सोडलंस तर मी त्या दिवशी शोरूमभर माकडचेष्टा केल्या कशाला? सोमवारी हो म्हण. रविवारी ये, केक राहिलाय. आणि दुसरी जाहिरात लिहिशील तेव्हा त्या मोतीवाल्या बाईला पिन मानेला धरायला शिकव, आणि एवढंच दाखव, सगळे भांडतायत, कोणाचं लक्ष नाही, आणि आजी हळूच एक झाकण उघडते, बघते, आणि बंद करते. खाली काही लिहू नकोस. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना कळेल.

तुझीच, खिशाला पिन लावणारी,
आजी