बँकेच्या फोनला आईंचं उत्तर

अहो,

“तिन्ही बँकांची खाती हिशोबाच्या सॉफ्टवेअरला जोड आणि पाचच्या आत रिपोर्ट लोनवाल्याला फॅक्स कर, नाहीतर घर हातचं जाईल,” असं तुम्ही सकाळी निघताना बजावलंत. माझं रोजचं बारापर्यंतचं मौनव्रत, म्हणून मी नुसती मान डोलावली. दोन खाती जोडली. तिसऱ्याचा पासवर्ड तीनदा चुकला आणि बँकेने खातंच लॉक केलं.

अकराला बँकेतल्या अमेरिकन बाईंचा फोन आला. पासवर्ड टाकणारी मीच, असं तोंडाने सांगायचं, नाहीतर खातं सोमवारपर्यंत बंद. मी स्पीकर लावून घामाघूम उभी. माझ्या मौनाला आई गेले तीन आठवडे काय काय म्हणतात, ते तुम्ही ऐकताच. पण त्याच पुढे झाल्या आणि ठणकावून म्हणाल्या, “माय सून नो टॉक! गॉड टाइम! ट्वेल्व ओक्लॉक, फुल टॉक!” त्या बाई खळखळून हसल्या आणि बाराच्या ठोक्याला त्यांनी आपणहून परत फोन केला.

रिपोर्ट दोनलाच फॅक्स झाला, पावती टेबलावर आहे. तुमचा आमटी-भात ओट्यावर झाकून ठेवलाय.

मी आईंना म्हटलं, “आज काय हवं ते मागा.” तर म्हणतात, “त्या लेक एलिझाबेथ तलावात ती पायाने चालवायची बोट आहे ना, तीत बसव मला. मनूला सांगू नकोस, तो नको म्हणेल.” मी बोटीचा शब्द दिलाय, तुम्हाला न सांगण्याचा नाही. नऊवारीवर तुमचे स्पोर्ट्स शूज चढवून त्या दारात उभ्या आहेत. निघतो आम्ही.

सुहासिनी