अप्पांची बोरगाडी

नांदेड

प्रिय मंजुश्रीअक्का,

फोनवर बोलायला घेतलं की तुझा शिवांश मोबाईल ओढतो आणि सांगायचं ते तसंच राहतं. म्हणून लिहून राहिले. डोक्यात नुसता गोंधळ आहे, मागंपुढं झालं तर सांभाळून घे.

यंदा आमच्या कॉलेजात ‘शाश्वत विकास’ हा विषय सगळ्यांना सक्तीचा झालाय. मला वाटलं, झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा, एवढंच असेल. पाठ करून पास होऊ. पण सालेहा मॅडम पुस्तक उघडतच नाहीत. म्हणाल्या, एक गाव घ्या आणि तिथलं पाणी कुठं गेलं ते शोधून काढा. आमच्या गटाला आपल्या निलंग्याकडचंच गाव आलं. मी खूश! येताना घरी डोकावून आईच्या हातची शेंगाचटणी खाता येईल, हेच डोक्यात.

तिथं साखराबाई नावाच्या आजी भेटल्या. त्यांच्या दारातला हातपंप कधीचा कोरडा पडलाय. “वरच्या रानात लई खोल बोर मारले की गं. मग खाली पानी राहतंय व्हय?” मी विचारलं, कुणी मारले? “निलंग्याच्या शिवमूर्तीअप्पानं. लई देवमाणूस हाय. शाळंचा बोर फुकट मारून दिला.” मैत्रिणी भराभर लिहून घेत होत्या. माझा हात चालेना. आपल्या वडलांना, आपल्या अप्पांना कुणी देवमाणूस म्हणतंय म्हणून हरखून जावं, की त्या पंपाकडं बघावं?

परतताना बसमध्ये मॅडमना सगळं सांगितलं. गट बदलून देते म्हणाल्या. मी आधी हो म्हटलं, आणि नांदेडजवळ विष्णुपुरी येता येता नको म्हटलं. का, ते विचारू नकोस.

मग अप्पांना फोन केला. ते चिडले नाहीत. “लोक पानी मागतेत, मी न्हाई कसं म्हनू? आन तुमच्या हॉस्टेलला पानी कुठून येतंय, ते बी बघ की.” जाऊन बघितलं. मेसच्या मागंच बोर आहे, रोज त्याच पाण्यानं मी अंघोळ करते. तेही अहवालात लिहिलं. लिहून काही सुटल्यासारखं वाटलं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मॅडमनी अहवाल त्या गावच्या ग्रामसभेत वाचायला लावला. मीच उभी राहिले. गावानं ठरवलं, यंदा नवा एकही बोर नाही, आधी पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं. अक्का, तिथले पुढचे बोर मारायचं काम रुद्रेशदाजींनी घेतलं होतं. नवी बोरगाडी त्यांनी त्याच भरवशावर घेतली. मला हे माहीत होतं, तरी मी वाचलं. अप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “जेवलीस का?” त्यांना राग आला की काय झालं, मला कळलं नाही. मी बरोबर केलं की तुझ्याच घरावर घाव घातला, तेही कळत नाही. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. रविवारी मी उदगीरला येते. दाजींसमोर बसून बोलणार आहे. काय बोलणार, ते अजून ठरत नाही. तू तेवढी घरी थांब.

तुझीच,
सृष्टी