विहिरींना औषध, कलशाला नाही

रविवार, १२ ऑगस्ट १९५६

निघोज्याहून आत्ताच आलो. भीती वाटते. हे फक्त इथे लिहितो.

सेवा मंडळ काढले ते माझ्याच शब्दांवरून. दौलतरावांच्या ओसरीवर भजन संपले आणि मी म्हणालो, "नुसते टाळ कुटून काय? देव माणसांत आहे म्हणतो ना आपण?" आता तोच देव पटकीने निघोज्यात ओकतो आहे, आणि त्याच्याजवळ जाताना मी नाकाला पंचा लावतो!

मंडळातल्या सयाजीने तिथल्या सगळ्या विहिरींत सरकारी औषध कालवले. पाणी लालजांभळे. बायका भडकल्या — "ह्ये पानी हाय का जांभळाचा रस?" दारे लागली. शेवटी दौलतराव पुढे झाले. "माये, आमी औषधवाले न्हाई. देहूचं तीर्थ घेऊन आलोय." पटापट दारे उघडली! घरोघर एकेक पळी इंद्रायणीचे पाणी. सेवेला निघताना आम्हीही घेतो — हा प्रघात मीच पाडला, म्हणून कलश धरायचा मान माझा.

घरी येऊन साबणाने हात पुन्हा पुन्हा धुतले. सावित्री म्हणाली, "अहो, कातडी सोलायचीय का?"

मंगळवार, १४ ऑगस्ट

कारखान्यात लक्ष नाही. पोटात जरा गुडगुडले तरी घाम फुटतो.

गुरुवार, १६ ऑगस्ट

निघोज्यातल्या अंबुबाईची सून आजारी पडली. रविवारी तिनेच दार उघडले होते. ओंजळ पुढे केली होती, पळी मी ओतली होती.

अंबुबाई डोळे पुसत म्हणाली, "आमी तर पानी उकळूनच पितोय, मास्तर. तुमच्या तीर्थाबिगर कच्चा थेंब न्हाई घेतला कुनी." मी मास्तर नाही; चष्म्यामुळे म्हणते. तिला बिचारीला वाटले, ती आमचे कौतुक करते आहे.

परतताना देहूच्या घाटावर सायकल थांबवली. आम्ही कलश भरतो त्याच्या वरच्या अंगाला एक बाई अंथरुणे धूत होती. विचारले. "घरात दुखनं हाय," एवढेच म्हणाली.

विहिरींना औषध टाकले, कलशात नाही! आमच्यातल्या एकाच्याही मनात आले नाही. मी बी.एस्सी., पिंपरीला औषधाच्या कारखान्यात नोकरीला — माझ्याही नाही. तीर्थात औषध कोण टाकतो?

शुक्रवार, १७ ऑगस्ट

ओसरीवर गेलो. भजन म्हटले. काही न बोलता परत आलो. मंडळ मोडेल म्हणून भ्यालो, की लोक मला धरतील म्हणून?

अंबुबाईची सून गेली.

शनिवार, १८ ऑगस्ट

सांगितले. सगळ्यांसमोर.

"सबनीस, डोकं ठिकानावर हाय न्हवं तुमचं?" — दौलतराव.

सयाजीने बाजू सावरली. "उकळून घेऊ की, दौलतराव. उकळल्यानं देवाला काय चटका बसतोय व्हय?" दोघेतिघे हसले.

दौलतराव हसले नाहीत. "माझ्या आईच्या तोंडात शेवटाला ह्येच पानी घातलं मी. ते काय इख व्हतं?" आणि कलश उचलून तोंडाला लावला. घटाघटा, तळापर्यंत. मिश्या पुसल्या. "आता बगा."

मी हात धरू शकलो असतो. शेजारीच होतो.

सोमवार, २० ऑगस्ट

दौलतराव देवळापाशी भेटले. "अजून हाय बरं का, सबनीस!" लोक खो-खो हसले. मीही हसलो.

खरे लिहायचे तर त्यांना ठणठणीत पाहून माझी निराशा झाली. क्षणभरच — क्षणभरच का? चार दिवसांपुरते आजारी पडावेत, म्हणजे सगळ्यांना पटेल, असे मनात आले. पटकी काय चार दिवसांपुरती असते! आणि हा माणूस सेवा करायला निघाला आहे. देवा, मला माझीच भीती वाटते.

मंगळवार, २१ ऑगस्ट

बातमी पसरली. दौलतराव अख्खा कलश प्याले, काही झाले नाही! मोशीपासून माणसे येणार म्हणे, तांबे-कळशा घेऊन. उद्या वाटायचे मी.

सावित्री म्हणते, "गुपचूप उकळून भरा. कोण बघतंय?"

दिवसभर हाच विचार. सोपे आहे. पण मग तीर्थाने तारले असेच होईल, आणि परवा हीच माणसे थेट घाटावर भांडी बुडवतील.

बुधवार, २२ ऑगस्ट

ओतून दिला. रांग उभी असताना, कलश उपडा, मातीत. "हेच पाणी मी एका लेकीच्या ओंजळीत घातले आणि ती गेली. उकळल्याशिवाय थेंब देणार नाही." आवाज इतका कापत होता की मागच्यांना ऐकू गेले नसेल. पुढच्यांनी सांगितले असावे, कारण ढेकळे मागूनच आली.

सयाजीने हाताला धरून घरी आणले. दौलतराव रांगेपाशी फिरकलेच नाहीत. माझे तोंड पाहायचे नसेल.

गल्लीत अजून गलका आहे. दाराला आडणा लावला आहे.

गुरुवार, २३ ऑगस्ट

सकाळीच कडी वाजली. सावित्रीने माझा हात धरला — "उघडू नका!" उघडले. दौलतरावांची सून, सुमनताई. एकटीच.

"मामंजींना परवापासनं होतंय. कुनाला कळू द्यायचं न्हाई, म्हनून शपथ घातलीवती. आता म्हनत्यात, सबनीसांना बोलवा. कलश घेऊन या म्हनावं — पानी उकळून."

सयाजी पुण्याला न्यायला गाडी बघतो आहे. सावित्रीने चूल पेटवली आहे. पाण्याला अजून आधण येत नाही.