कोठीच्या अंगणात लग्न

अहमदपूर, २ एप्रिल २०२५

ती. अक्कास, वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई अन् मला ओरडणं जमत न्हाई, म्हणून पत्र. आपल्या शिवांगीचं लग्न ठरलं. पोरगा नांदेडला इंजिनियर आहे, माणसं साधी आहेत. लग्न मे अखेरीस, कंधारजवळ अमृतरावांच्या जुन्या कोठीत. हाव, तीच, जिथं आपले बाबा सालगडी होते. मालकाचे नातू आता ती लग्नाला भाड्यानं देतात. शिवांगीला तिथल्या दगडी कमानी आवडल्या. मला वेगळंच सुख वाटलं. ज्या अंगणात बाबा राबले, तिथं त्यांची नात बोहल्यावर चढणार.

अंगणातल्या फरशीला पहार लावू देत न्हाईत, म्हणून मुहूर्तमेढ वाळूच्या बादलीत रोवावी म्हणतो. हसू नको. हळद तुझ्याच हातानं दळायची हाय, आठवडाभर आधीच ये.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा वैजनाथ

देवणी, ११ एप्रिल

चि. वैजनाथ यास अनेक आशीर्वाद.

पोरीचं जमलं, लई बरं वाटलं. पण मी कोठीत येणार न्हाई. रागावू नको, कारण सांगते.

माझ्या लग्नात तू आईच्या कडेवर होतास. मृगाची पेरणी चालू होती. बाबांनी त्याच अंगणात उभं राहून सुट्टी मागितली. मालक म्हणाले, आधी पेरणी, मग पोरगी. माझी मेढ शेजारच्या व्यंकटीकाकानं रोवली, कन्यादानही त्यानंच केलं. मी बैलगाडीत बसेपर्यंत वाटेकडं बघून राहिले होते. बाबा पोचले तेव्हा गाडी गावाबाहेर गेली होती, असं आईनं मागून सांगितलं. ते स्वतः मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलले न्हाईत.

त्या अंगणात अक्षता टाकायला माझा हात उचलला जाणार न्हाई. हळद दळून एसटीनं पाठवते. मनात अढी धरू नको.
तुझी अक्का

अहमदपूर, १९ एप्रिल

ती. आत्यास शिवांगीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून पप्पा त्या दिवशी जेवलेच न्हाईत. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. कोठी ठरवल्याचं सगळ्या गावाला कौतुकानं सांगत फिरत होते.

आत्या, माझं नाव तू ठेवलंस. तू नसलीस तर त्या कमानी घेऊन मी काय करू? मोंढ्याजवळचं मंगल कार्यालय विचारून ठेवलंय. तू नुसतं कळव, मी कोठी रद्द करते. मला तू पाहिजेस.

उत्तराची वाट बघते.
तुझी शिवांगी

देवणी, २६ एप्रिल

चि. शिवांगी हिस आशीर्वाद.

कोठी रद्द करू नको. तुझं पत्र वाचून रडले, मग माझाच मला राग आला. मालक जाऊन जमाना झाला. त्याच्या पायी आता तुझं लग्न कशाला हलवायचं? मी येऊन राहिले लग्नाला, आठवडाभर आधीच. जातं धुऊन ठेवायला सांग. बादलीतल्या मेढीला बघून नाक मुरडेन, तेवढं चालवून घे.

एक मात्र बापाला बजावून सांग. त्या दिवशी पंगतीवरून बोलावणं येवो, न्हाई तर व्याही हाक मारोत, त्यानं जायचं न्हाई. तुझी गाडी हलेपर्यंत त्यानं तुझ्या खिडकीपाशी उभं राहायचं.

भेटीत बाकी बोलू.
तुझी आत्या चांगुणा