मशीन चालू होतं तेव्हा

२ फेब्रुवारी

मशीनच्या आवाजाची तक्रार बंद केली! कारण काय, तर 'तक्रारदार सुनावणीला गैरहजर'. तक्रारदार म्हणजे हे. ह्यांना जाऊन महिना झाला.

महापालिकेतल्या कारकुनाला सांगितलं, तर सरळ तोंडावर म्हणतो, "मग तसं कळवायचं ना, बाई." कुणी कळवायचं? ह्यांनी?

पण मी कुठे कधी काय बोलते! जिना उतरताना कठडा इतका घट्ट धरला की तळवा गंजाने लाल झाला. घरी येऊन घासघासून धुतला.

३ फेब्रुवारी

सकाळी मशीन सुरू. शेजारच्या प्लॉटवर खडक फोडतात. ते मला आधी तळपायांना कळतं, मग फडताळातल्या बशा थरथरताना दिसतात. एक बशी सरकत सरकत कडेला आली होती. आत ढकलली. सांभाळायची म्हणून नाही. त्या खडक फोडणाऱ्यांपायी आणखी काही फुटायला नको.

६ फेब्रुवारी

सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. बँकेतून निवृत्त झालेत, सगळे त्यांना बँकवालेच म्हणतात. "वहिनी, नवी तक्रार तुमच्या नावाने टाकू. पण फार ताणायला नको. बिल्डर गेट रंगवून देतो म्हणतोय."

गेट! आणि रंगही ठरवून आले होते. मोरपंखी!

"आपण शांततेत मिटवू," असं म्हणाले आणि मशीन सुरू झालं. पुढचं सगळं हातवाऱ्यांनी. हे असते तर हसून लोळले असते. मी सही केली आणि दार लावून घेतलं. जरा आपटूनच.

९ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. कुणाला सांगणार नाही, पण कुठेतरी असू दे.

हे गेले त्या दिवशी मागच्या खोलीत पडून होते. पलंग खिडकीजवळ, खिडकीखाली मशीन. हे दिवसभर तोंडाने काही बोलले नव्हते. दुपारी एकदम माझ्याकडे बघून बोलायला लागले. एखादा शब्द नाही, चांगलं दोन-तीन वाक्यांचं काहीतरी. ओठ धड हलतही नव्हते. मी म्हटलं, "काय?" पुन्हा बोलले. "काय म्हणताय?" पुन्हा. मी खाली वाकून तिसऱ्यांदा विचारलं, तरी कळलं नाही. मग खिडकी लावायला उठले. कडी अडकली होती. ती बसवून वळले, तोवर संपलं होतं.

एरवी ह्यांची सवय अशी की समोर यायचं, दंडाला हात लावायचा, मी बघितलं की मग बोलायचं. साधं मीठ मागायचं असलं तरी तसंच! मी चिडवायची, "हजेरी घेताय का?" त्या दिवशी हात उचलत नव्हता.

काय बोलले असतील? पाणी हवं होतं? मुलीला फोन कर म्हणाले? माझ्यावर रागावले होते? इतक्या वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं त्या मशीनने खाल्लं. आणि हे मला गेट रंगवून देणार!

११ फेब्रुवारी

रविवार. मशीन बंद. वन्सं आल्या, आणि आल्या आल्या रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज कमी केला. दुसऱ्याच्या घरात इतका हक्क!

१६ फेब्रुवारी

सुनावणी झाली.

मधोमध साहेब, डाव्या हाताला बिल्डरचा माणूस, गुळगुळीत दाढीचा. म्हणे, सगळं मर्यादेतच आहे. बँकवाले 'माननीय, माननीय' करत राहिले. तेवढ्यात बाहेर रस्ता खणायचं मशीन सुरू झालं. साहेब वैतागून उठले आणि खिडकी लावायला निघाले. सगळे हसले.

मी उभी राहिले. "लावू नका," म्हटलं. "उघडी राहू दे."

बँकवाल्यांनी माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला. आणि बोलले. त्या दुपारचं सगळं बोलले, पण नेहमीच्याच आवाजात, घरात बोलते तसं. साहेब पुढे वाकले. त्यांचं तोंड नुसतं हललं, पण 'काय?' ओळखू येतं. मी तेच पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

तेव्हा मात्र ओरडले. "हेच! मीही हेच विचारत होते! तीनदा!"

कुणी हसलं नाही. साहेब उभेच. खिडकी उघडीच.

घरी आल्यावर ताट वाढून घेतलं. आणि जेवले. दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर.

२० फेब्रुवारी

हुकूम निघाला. आवाज अडवायची भिंत होईपर्यंत काम बंद. बँकवाले दारात, "वहिनी, कमाल केलीत! मी कधीपासून म्हणत होतो, ताणायला हवं." गेट तसंच गंजलेलं. बरं झालं.

२२ फेब्रुवारी

वन्संनी शेवटी शेजाऱ्यांकडची किल्ली आणून दार उघडलं. मी स्वयंपाकघरात होते. दचकलेच. "अगं, बोट दुखलं बेल दाबून! हाका मारल्या! आता तर ते मशीनही नाही."

खरंच नव्हतं. सगळं शांत होतं.

"उद्या माझ्याबरोबर चल," म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी

दोन्ही कान. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं झालेली असणार. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आलं होतं. दंडाला हात लावून बोलायचे.