चांदवेलीवरचं औषध

मसूर, ४ सप्टेंबर १९९४

ती. ताईस सिद्धेशचा सा. न. वि. वि.

आडसाली ऊस गुडघ्याएवढा झालाय आणि चांदवेल त्याच्यावर चढतेय. भांगलायला बायका मिळत नाहीत. दुकानदाराने टू-फोर-डी नावाचं तणनाशक दिलंय. पहिली फवारणी अंदाजाने मारली. तू गवतांचीच शास्त्रज्ञ, तर पंपाला किती घालायचं ते कळव. वीणाला पाचवा महिना लागलाय, पण ऐकत नाही; औषध तीच कालवते, मी शाळेत शिकवून आलो की नुसता पंप पाठीवर घेऊन हिंडतो. तिच्या हातांना वास राहतो म्हणून भाकरी आई थापते. रुचा अजून हिंदीतच उत्तरं देते का? मामाच्या वाटणीचा एक धपाटा दे.

तुझा,
सिद्धेश

लखनौ, १४ सप्टेंबर १९९४

चि. सिद्धेशास अनेक आशीर्वाद.

प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. पण आधी हे वाच.

आमच्या प्रयोगशाळेत वर्षभरासाठी व्हिएतनामहून लान नावाच्या बाई आल्या आहेत. चाळिशीच्या, मितभाषी. रुचा त्यांना मौसी म्हणते. तुझं पत्र आलं तेव्हा त्या आमच्याकडे जेवायला होत्या. औषधाचं नाव ऐकलं, जेवण पुरं केलं, मग सांगितलं. युद्धात अमेरिकन विमानांनी त्यांच्या जंगलांवर जे फवारलं, त्यात निम्मं हेच होतं. सैनिकांना लपायला झाड उरू नये म्हणून. त्यांचा भाऊ त्या जंगलात तीन वर्षं होता. परतल्यावर लग्न केलं. दोन मुलं झाली, दोन्ही चालू शकत नाहीत.

खरं विष दुसऱ्या निम्म्यात होतं असं संशोधन सांगतं, हे मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मीही तेच वाचलंय. भावाच्या अंगावर दोन्ही एकत्रच पडलं."

तुझ्या डब्यात ते दुसरं नाही. तरी वीणाला हात लावू देऊ नको. पत्र टाकायला आळस नको.

ताई

मसूर, २६ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

पत्र वीणाला वाचून दाखवलं. ती उठून हात धुऊन आली. आता ती शेतात येत नाही. मीही पंप सोडला. फवारणी आपला गडी जगदीश करतो, कालवायला त्याची बायको पद्मा असते. तेव्हा काळजी मिटली.

सिद्धेश

लखनौ, ५ ऑक्टोबर

चि. सिद्धेशास आशीर्वाद.

पद्माला कितवा महिना, हे कुणी विचारलं का?

ताई

मसूर, १६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

वीणाने विचारलं. तिसरा. काम जाईल म्हणून पद्माने सांगितलं नव्हतं. सगळे मिळून नऊ दिवस ती कालवत होती, मी बांधावर उभा होतो. तुझ्यापासून लपवत नाही.

डबा परत केला. मी, जगदीश आणि आई खुरपी घेऊन उतरलोय. वेल आमच्या पुढे पळतेय, ऊस मार खाणार. पद्माचं काम ठेवलंय. ती दिवसभर घरी वीणाबरोबर शेंगा फोडते.

लानबाईंना विचार, पोटात असताना त्यांच्या वहिनीला काही कळलं होतं का. दोघी विचारतात. उत्तर मात्र घरी नको, माझ्या शाळेच्या पत्त्यावर, माझ्या एकट्याच्या नावे पाठव.

तुझी माया आहे तशीच राहो.

सिद्धेश