आतल्या माणसाची सही

॥ श्रीलक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

मी, राधाकिशन बद्रीनाथ मुळे, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शेती व पुराणवाचन, राहणार मौजे खांबेवाडी, ता. वडवणी, जि. बीड, आज वैशाख पौर्णिमेस, कालच्या नृसिंहजयंतीचा प्रसाद पोटात व चित्त ठिकाणावर असताना, कोणाच्या भिडेस वा दडपणास न पडता हा लेख करून ठेवतो. गुडघे वगळता माझी सर्व इंद्रिये अद्याप माझ्या आज्ञेत आहेत.

१. राहते घर माझी पत्नी सौ. सुभद्राबाई हिच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात चिरंजीव भारत याचे. ओढ्याकाठची जमीन व दूध संस्थेतील माझे भाग भारत यासच. तो त्या संस्थेचा चेअरमन आहे. सन २०१३ च्या व यंदाच्या, अशा दोन्ही दुष्काळांत त्याने छावणीला चारा मिळवला, गावची जनावरे कसायाच्या दारी जाऊ दिली नाहीत, हे मी बाप म्हणून नव्हे तर सभासद म्हणून नमूद करतो. ऊस लावण्यावरून आमचे जुळले नाही; तो वाद न पडलेल्या पावसाने मिटवला.

२. माझ्या पोथ्या देवळास. पोथीवर चहाची कपबशी ठेवू नये. ठेवणारे मला ठाऊक आहेत.

३. नृसिंहाचा मुखवटा. खरे पाहता याच एका वस्तूसाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची मालमत्ता भांडणाजोगी नाही.

जयंतीच्या सायंकाळी देवळापुढे कागदाचा खांब उभारतात. तो फोडून नृसिंह बाहेर येतो व दैत्यास मांडीवर घेतो. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेला, आमच्या घरी असतो. रीत अशी की, त्याच्या आड कोण आहे हे कोणी बोलायचे नाही. आणि तो घरी येऊन, दाराआडच उतरवायचा.

तो माझ्या पश्चात श्री. हारुओ निशिमुरा यांस द्यावा, असे माझ्या मनात होते. त्याचे कारण लिहितो.

हारूभाऊ जपानचे. सन २०१३ च्या दुष्काळात तलावातला गाळ काढण्यास जे जपानी मंडळ आले, त्यात ते होते. दूध संस्थेची खोली कडब्याने भरलेली, म्हणून त्यांचा बिछाना माझ्या पडवीत पडला. मराठी ते छावणीत शिकले. माझी पत्नी म्हणाली, "अवो, तुमच्यापरीस या पाव्हण्याचं बोलणं बरं. निदान समजतं तरी!"

तिकडे दूरदर्शनवर मुलांसाठी एका वीराची मालिका चाले. त्याचे नाव मी आपल्या भाषेत विद्युद्वीर असे करतो. संकट येताच एक देखणा तरुण हात उंचावून आरोळी देई, वीज लखलखे, आणि त्याच्या जागी शिरस्त्राण व चिलखत घातलेला वीर उभा राही. त्या चिलखतात असत ते हारूभाऊ. आरंभी ते राक्षसाच्या सैन्यात होते व दर आठवड्यास कड्यावरून पडत. मग स्वतः राक्षस होऊन आगीतून पळाले. शेवटी वीर झाले व पुष्कळ वर्षे राहिले. उडी यांची, चेहरा त्या तरुणाचा. शिरस्त्राणास पाहण्यापुरती बारीक फट. आत घाम आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज. पेठेत मुलांच्या रांगा लागत, तेव्हा हे शिरस्त्राण न काढता विद्युद्वीराच्या नावाने सह्या करीत. स्वतःच्या नावाची सही यांना कोणी मागितली नाही. पुढे मणका दुखावला. तो बरा होईतो दुसरा माणूस आत गेला, आणि मुलांना फरक कळला नाही.

मला वाईट वाटले. ते मात्र हसून म्हणाले, "आण्णा, कळला न्हाई, म्हंजे काम चांगलं झालं."

कर्तेपण सोडण्यावर मी जन्मभर निरूपण केले, ऐकणारे डुलले. सोडलेला माणूस मात्र माझ्याच पडवीत प्रथम पाहिला.

त्यांस मी मुखवटा दाखवला. लोक सिंहाच्या दाढा पाहतात, यांनी तो उलटा करून आत तोंड घातले, वास घेतला, कपाळाच्या जागचा घामाचा डाग चाचपला आणि विचारले, "मान दुखती का?" हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत कापसाची गादी शिवून बसवली.

त्याच वर्षी माझे गुडघे बसले. भारत म्हणाला, "आण्णा, औंदा मी निघतो. पण शेवटाला मुखवटा काढून लोकांला तोंड दाखवतो. संस्थेची निवडणूक हाय."

माझ्यापुढे जन्मभर दैत्य होत आलेला बंकट गोफणे तेथेच बसला होता. "काहून रे भारत? देवाला बी मतं लागतेत का?"

"तुमी गप बसा मामा. तुमाला नुसतं मरायचं हाय."

मुखवटा मी भारतास दिला नाही. त्या सायंकाळी खांबात कोण उभे होते, हे रीतीस धरून लिहीत नाही. एवढेच लिहितो की हारूभाऊ पंगतीस उशिरा आले, ते घामाने निथळत, आणि बंकट मला म्हणाला, "इतके साल मरतोय मी, पण इतकं आरामात कुणीच मारलं न्हाई. डोकं हातावर झेललं बघ! तू तर आपटायचास." हा आरोप मला मान्य नाही.

तेव्हापासून हारूभाऊ दरवर्षी जयंतीस येतात. काल मी वकील सुंदरराव यांस सांगितले की मुखवटा हारूभाऊंस लिहा, आणि साक्षीदारही तेच होतील. वकिलांनी हरकत घेतली: "आण्णा, ज्याला मिळणार त्याचीच साक्ष ठेवू नका, उद्या तंटा उभा राहील. काय ते एक ठरवा."

मी हारूभाऊंवर सोपवले. मुखवटाच घेतील अशी माझी खात्री होती. त्यांनी मुखवट्याकडे पाहिले, मग कागदाकडे.

"सही माझ्या नावाची लागती?"

"तुमच्याच."

"मग सही."

सबब मुखवटा कन्या विमलबाई, राहणार बीड, हिच्या ताब्यात देतो. लहानपणी मुखवट्याच्या जबड्यातून मला पाणी पाजणारी तीच, आणि कोणी विचारले तर "देव प्याला" म्हणणारीही तीच. दरवर्षी कोणी आत जावे हे तिने ठरवावे व कोणास सांगू नये. भारतासही मज्जाव नाही. मात्र मुखवटा दाराआडच उतरवावा. हे कलम भारतास वाचून दाखवले. तो म्हणाला, "दाराआड तर दाराआड. पण आण्णा, ती उडी मला जमंल का?"

"शिकवतो की," हारूभाऊ म्हणाले.

४. बंकट याने एका जयंतीस लाकडी गदा माझ्या डाव्या गुडघ्यावर खरोखरच हाणली होती. तोही साक्षीदार असल्याने त्यास काही देता येत नाही. फक्त क्षमा देतो. ती मालमत्तेत मोडत नाही, असे वकिलांचे मत पडले.

५. माझ्यामागे रडणे आटोपते ठेवावे. आत कोणी होते, ते बाहेर पडले, एवढेच.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

स्थळ: खांबेवाडी. वैशाख शुद्ध पौर्णिमा, शके १९४१, दि. १८ मे २०१९.

(सही) राधाकिशन बद्रीनाथ मुळे

साक्षीदार:

१. (सही) बंकट सटवा गोफणे, धंदा मेंढपाळ, रा. खांबेवाडी.

२. (सही) हारुओ निशिमुरा, रा. जपान. धंदा काय लिहावा, असे वकिलांनी विचारता साक्षीदार म्हणाले, "आतला माणूस." तसेच लिहिले आहे. त्यांनी सही आधी जपानी अक्षरांत केली, मग तिच्याखाली मराठीत. एक पुरे, असे वकील म्हणाले. मी दोन्ही राहू दिल्या.